टाकावरची रिकामी जागा

४ मे

एकदाचं गंगेत घोडं न्हालं! परवा श्रीरामपुरात माझं लग्न लागलं आणि मांडवातल्या यच्चयावत बायकांनी सुस्कारा सोडला. तेहतीस वर्षांची घोडनवरी, त्यात उंच, त्यात चष्मा, त्यात मास्तरीण असल्यामुळे जिभेला धार. माझ्यापायी धाकट्या गोरक्षचं लग्न अडलं होतं. बहीण घरात असताना भावाला मुलगी कोण देणार? पाठवणीला आप्पा रडले खरे, पण त्या रडण्यात निम्मं हुश्श होतं. एस.टी.चा शेवटचा पॅसेंजर उतरला की कंडक्टरच्या तोंडावर दिसतं, तसं. मी बघितलं आणि मला हसूच आलं.

ही वही शॅरनची भेट. बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. नवऱ्याशी भांडण्याआधी इथे भांडत जा, म्हणाली. हिचं स्वतःचं लग्न व्हायचंय अजून, पण सल्ले तयार.

नवऱ्याचं नाव कल्याण. वहीत नाव घ्यायला उखाणा लागत नाही, म्हणून आणखी एकदा घेते : कल्याण. बिजवर आहे. पहिली बायको सविता दोन वर्षांपूर्वी विहिरीत पाय घसरून गेली. मूलबाळ नाही. माणूस कमी बोलतो, कपाळाला आठी नाही. ऊस आहे, चार गाई आहेत, शिंगणापुरात तेला-नारळाचं दुकान आहे. घरात तो आणि त्याची आई. सासूला इकडे आत्या म्हणतात. नाव लंकाबाई, पण अजून तरी कुठे लंका पेटलेली दिसली नाही. हाताला धरून घर दाखवलं, चहात साखर मुठीने घातली.

आणि या घराला दार नाही! आमची वस्ती शिंगणापूरपासून थोड्याच अंतरावर, तेव्हा इथेही तोच रिवाज. चौकट असते, फळी नसते. राखण शनिदेवाची. आमच्या खोलीला मोरांचा पडदा आहे. दोन मोर, त्यातल्या एकाचा डोळा धुवून धुवून गेलाय. मी मनात म्हटलं, बरं झालं, बघणारा एक तरी कमी.

सोळा जूनला सोनईच्या शाळेत रुजू व्हायचंय. सातवीला मराठी. बोलणीत मी हीच एक अट घातली होती आणि कल्याणने चारचौघांत मान हलवली होती. ती मान हलली नसती तर मी या मोरांमागे आलेच नसते. तोवर भाकरी शिकते. सध्या माझी भाकरी म्हणजे नगर जिल्ह्याचा नकाशा.

८ मे

आज मंगळसूत्राच्या जोडीला आणखी एक दागिना गळ्यात पडला. काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक. टाक देवघरात असतात एवढं मला ठाऊक होतं. हा गळ्यात वागवायचा. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीला असं अंगावर बाळगलं की ती रुसत नाही, त्रास देत नाही. या टाकालाच सवत म्हणतात. जेवताना पहिला घास तिच्यापुढे धरायचा. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. मी म्हटलं, जिवंतपणी तिचे एवढे लाड झाले होते का? आत्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

टाक जुन्या रुपयाएवढा. त्यावर एक नाही, दोन बायका कोरल्यात. एक झिजून गुळगुळीत झालेली, नाकडोळे उरलेले नाहीत. ती मनकर्णा, सासऱ्यांची पहिली बायको. म्हणजे आत्याही माझ्यासारख्याच, दुसरेपणावर आलेल्या! हाच टाक त्यांनी चाळीस वर्षं गळ्यात घातला. सविता गेल्यावर नवा कशाला घडवा, म्हणून सोनाराकडून तिला मनकर्णेच्या शेजारी बसवून घेतली. सोनार मात्र भलताच अडाणी. दोघींना एका कडेला दाटीवाटीने उभं केलंय आणि उजवीकडे जागा तशीच मोकळी. सातवीतल्या कुणी असं चित्र काढलं असतं तर मी परत काढायला लावलं असतं.

दोरा बांधून झाल्यावर आत्यांनी आपली मान दोन्हीकडे वळवून बघितली.

१५ मे

दार नसण्याची गंमत संपली. चोर येत नाही हे खरं, पण चोर सोडून सगळे येतात. दूधवाला थेट चुलीपर्यंत येतो. चुलतसासरे मधल्या खोलीत येऊन पाय पसरतात. मोरीला कंबरेएवढी भिंत आणि गोणपाट. साडी बदलायला पडद्याआड गेले की आत्या बाहेरच्या बाजेवरून बोलत राहतात, आणि मी उत्तर द्यायला क्षणभर थांबले तर पडदा बाजूला करून बघतात. वाईट हेतू नाही. बघतात, एवढंच. दिवसभर कुणी ना कुणी बघत असतं. पुरुषांचं एक बरं आहे. कल्याणला एकटं व्हायचं असलं की तो गाडीला किक मारतो.

पण आज मला जागा सापडली! घरामागच्या उसाला लागून जुनी दगडी विहीर आहे, आत उतरायला पायऱ्या. दुपारी सगळे लवंडले की मी चौथ्या-पाचव्या पायरीवर जाऊन बसते. चहूबाजूंनी भिंत, गारवा आणि कुणी नाही. दगडात एक देवळी आहे, पणती ठेवायची असते तशी. तीत प्लास्टिकच्या पिशवीत ही वही मावते.

देवळीत हात घातला तेव्हा आत मूठभर चिंचोके होते. गुळगुळीत झालेले, कुणीतरी बसून पुष्कळ खेळलेलं असावं. सविता याच विहिरीत गेली हे मला ठाऊक आहे. तरी भीती नाही वाटली. उलट वाटलं, अगं बाई, तुलाही हीच जागा सापडली होती होय?

२१ मे

सकाळी मी मोरीत असताना दूधवाला गोणपाटाशेजारून गेला आणि जाताना सावकाश गेला. माझी तार सटकली. ओल्या केसांनी बाहेर येऊन मी कल्याणला सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत मोरीला पत्रा लागला पाहिजे, शनिदेवाला आंघोळीचं काही पडलेलं नसतं. आवाज चढला होता, कबूल आहे. वर्गात चढतो तेवढाच.

मला वाटलं, आता भांडण होणार. मी पदर खोचून तयारच होते. पण घरात कुणी भांडलंच नाही. आत्या उठल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि माझ्या कपाळाला नाही, टाकाला कुंकू लावलं. कल्याणने हात जोडले. माझ्याकडे नाही, माझ्या गळ्याकडे बघून. सविता, चुकलं असंल तर पदरात घे, म्हणाला.

मी सांगितलं की हे मी बोलतेय, दिपाली. आत्यांनी मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. सविताबी हेच म्हनायची, मोरीला पत्रा लावा, म्हणाल्या. पत्रा लागला नाही. नारळ मात्र फुटला.

आधी मला हसू आलं. विहिरीवर आल्यावर ते गेलं. सविता जिवंत असताना ज्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, तेच मी मागितलं, तर ते तिचं मागणं झालं. मग मी काय मागायचं?

२७ मे

शनिजयंती. रस्ते गाड्यांनी भरले, पाहुण्यांनी घर भरलं. मी पहाटेपासून चुलीपुढे. पुरुषांच्या पंगती, मग पुरुषांच्याच पंगती, मग आमचं उरलंसुरलं. दुपारी पिठाच्या परातीवर वाकले आणि रडूच कोसळलं. थकले होते, दुसरं काही नाही. बाया गोळा झाल्या. आली, आली, म्हणाल्या. कुणीतरी देवऋषी बोलावून आणला, त्याने मला काही न विचारताच लिंबू उतरवलं. माझं रडणंसुद्धा माझं नाही!

फोन कल्याणने ठेवून घेतलाय. सविता फोनवर माहेरी लई रडायची, त्यानं वाढत जातंय, असं त्याचं म्हणणं. चढ्या आवाजात बोलतच नाही तो. एकदा ओरडला असता तरी बरं वाटलं असतं, मला ओरडतोय असं तरी समजलं असतं.

टाकाच्या मोकळ्या जागेवर अंगठा फिरवायची मला सवय लागलीय. आज तिथे खरखर लागली. आधी गुळगुळीत होतं.

२ जून

झोप येत नाही, म्हणून नगरला डॉक्टरकडे नेलं. मला आनंद झाला होता. शिकलेला माणूस, दाराआड बोलता येईल. दार होतं, बंदही झालं. आत मी, डॉक्टर आणि कल्याण. डॉक्टरांनी विचारलं, यांना झोप लागते का. कल्याण म्हणाला, न्हाई. चिडचिड होते का. लई. पहिल्यापासून का. मी तोंड उघडलं तर डॉक्टर म्हणाले, एक मिनिट ताई, त्यांचं होऊ द्या. त्यांचं झालं तेव्हा गोळ्याही लिहून झाल्या होत्या. दोघांच्या मध्ये मी बाजाराच्या पिशवीसारखी बसले होते. येताना कल्याणने मला उसाचा रस पाजला. आधी टाकापुढे धरून.

देवऋषी आणि डॉक्टर, दोघांनाही माझ्याशी बोलायचं नाही, एवढं त्यांचं जमतंय.

१० जून

वटपौर्णिमा. वस्तीवरच्या वडाला मी दोनदा फेरे घातले, एकदा माझे आणि एकदा सविताचे. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून तिच्या वतीने मी मागणं मागितलं. तिला विचारायची सोय असती तर तिने काय सांगितलं असतं, याची मला पक्की कल्पना आहे.

बाकीच्या बाया गेल्यावर आत्या सावलीला टेकल्या. मी म्हटलं, सोळा तारीख आली, कल्याण शाळेचं नाव काढत नाही. परवा विचारलं तर म्हणाला, सविता शांत होऊ दे, मग बघू. आत्या, तुम्ही सांगा त्यांना.

त्या हसल्या. पहिल्यांदाच हसताना बघितलं. मग जे बोलल्या ते जसंच्या तसं उतरवते, विसरायला नको. "माजं कोन ऐकतंय आता? टाक गळ्यात हुता तवर ऐकायचे. नवी हुते तवा भुकेनं तांब्या फेकला, तर म्हनले मनकर्णा कोपली. माजं पोर गेलं, म्या रडले, तर म्हनले मनकर्णा रडती. मंग शानी झाले. लुगडं पायजे, मनकर्णेला पायजे. जत्रंला जायचं, मनकर्णेला जायचं. समदं मिळालं बग. आपलं म्हनून मागशील तर मिळायचं न्हाई, पोरी. सवतीच्या नावानं माग."

मी विचारलं, आणि लंकाबाईला काय पाहिजे होतं?

त्यांनी खूप आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. "त्ये आता ध्यानात न्हाई," म्हणाल्या आणि पाटी उचलून घराकडे निघाल्या.

१२ जून

ठरलं. मागते सविताच्या नावाने. एकदाच. नाटकच करायचंय ना? स्नेहसंमेलनात पोरांना शिकवलंय मी. माहेरी जायचं म्हणते. एकदा श्रीरामपूर गाठलं की शॅरनकडे, तिथून थेट सोनईची शाळा. पुढचं पुढे.

मला हे बरोबर वाटत नाहीये. मेलेल्या बाईच्या तोंडून खोटं बोलायचं. पण सविता, तू समजून घेशील. तुझ्याइतकं कोण समजून घेणार?

१३ जून

जमलं! इतकं सोपं होतं?

सकाळी चहाच्या वेळी केस सोडले, मान खाली घातली आणि म्हटलं, मला म्हायेरी जायचं हाय. एवढंच. कल्याणचा कप हातातच राहिला. मग त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं. उद्या नेतो, म्हणाला. गाडी सांगायलासुद्धा गेला. सव्वा महिना दिपाली घसा फोडून बोलतेय, आणि सविताचं एक वाक्य—

एक गोष्ट लिहून ठेवते. सुरुवात मी केली, पण आवाज थोडा वेगळा निघाला. जाड. घसा बसला असेल.

आत्यांनी माझा चष्मा काढून फडताळावर ठेवला. सविताला कुठं चष्मा हुता, म्हणाल्या. असू दे, एक दिवस. श्रीरामपूरला घालेन.

१४ जून

गाडी उत्तरेला वळलीच नाही.

मी म्हटलं, श्रीरामपूर इकडे आहे. कल्याण म्हणाला, सवे, आपल्याला पाथर्डीकडं जायचं. तुज्या आईकडं.

तेव्हा कळलं. माहेर सविताने मागितलं होतं.

डोंगराखालचं दोन खोल्यांचं घर. ऊसतोडीला जाणारी माणसं. एक वाळलेली म्हातारी धावत आली आणि तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. सवे, माझी सवे. मी दिपाली आहे, हे जरा वेळाने सांगायचं ठरवलं. तिने मला घोंगडीवर बसवलं, भाजलेले चिंचोके पुढे केले. तुला आवडायचे न्हवं, म्हणाली. मी खाल्ले. ते मला आधीपासून आवडतात की नाही हे आठवेना.

मग तिने सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. दार! कडी घातल्याचा आवाज ऐकला. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. कुणी बघत नव्हतं. ती कानाशी वाकली आणि विचारलं, सवे, खरं सांग, तू पडली का तुला कुनी—

मी म्हणणार होते, मावशी, मी तुमची मुलगी नाही. तेच म्हणायला तोंड उघडलं. शब्द निघाले ते हे :

पाय घसरला न्हाई आये. कुनी ढकललंबी न्हाई. घरात रडाया जागा न्हवती. हिरीला भिताडं हुती.

मला पाथर्डीकडची बोली येत नाही. मी श्रीरामपूरची आहे.

म्हातारीने मान हलवली. तिला माहीत होतं. दोन वर्षं माहीत असल्यासारखी हलवली. आता ही बाहेर जाऊन भांडेल, असं मला वाटलं. तिने डोळे पुसले, माझी ओटी भरली आणि स्वतःच्या हाताने कडी काढली. नांदून घे बाई, म्हणाली.

१६ जून

आज शाळा भरली.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर आधी माझं नाव लिहिते. इथे ओल्या बोटाने पायरीवर लिहिलं. ऊन असं की शेवटचं अक्षर होईतो पहिलं वाळलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा.

चष्मा मागितला. सापडत नाही म्हणतात. कल्याणने शाळेला कळवलंय, बाई येणार नाहीत. त्याला विचारलं, तू मान हलवली होतीस. म्हणाला, दिपालीला शबूद दिला हुता, ती बरी झाली की धाडू.

मी म्हटलं, मी दिपाली. तो म्हणाला, व्हय व्हय.

१९ जून

आप्पा आले! पेढे घेऊन आले. गोरक्षचं लग्न ठरलं. दिवाळीनंतर.

मी त्यांना सगळं सांगितलं. मोरीचं, फोनचं, डॉक्टरचं, पाथर्डीचं. मला घेऊन चला, म्हटलं. शांतपणे सांगितलं, एक शब्द चढू दिला नाही. आप्पा ऐकत होते. मधूनच आत्यांकडे बघत होते. मी आता घरी आले तर मुलीकडचे काय म्हणतील, हे ते बोलले नाहीत. मला दिसलं.

मग ते उठले. पायातली चप्पल काढली. माझ्यासमोर, माझे आप्पा, हात जोडून उभे राहिले आणि माझ्या गळ्याकडे बघत म्हणाले, सविताताई, माझी लेक तुमच्या पदरात आहे, तिला सांभाळा.

आप्पा गाडीपर्यंत गेले, वळून बघितलं. मला नाही. गळ्याला.

पेढा आधी टाकापुढे धरला.

२२ जून

टाक उजळायला सोनाराकडे दिलाय. दिवसभर गळा मोकळा. वाटलं होतं, मोकळं वाटेल—

हात सारखा तिथे जातो. आत्याही तशाच करतात, आता लक्षात आलं.

मागची पानं वाचली. आठ मेची बाई कोण आहे? किती बोलते. सोनाराला नावं ठेवते. तिचा हेवा वाटला.

२३ जून

टाक आला. लख्ख.

तिघी आहेत.

मोकळी जागा नाही. मनकर्णा, सविता, आणि कडेला उंच एक— डोळ्यापाशी धरून बघितलं. तिसरीच्या डोळ्यांवर दोन बारके गोल आहेत. चष्मा.

कल्याणला दाखवलं. म्हणाला, पयल्यापासून तिघीच हायेत. आत्यांना दाखवलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी जिवंत आहे. मी जिवंत आहे, मग तिला का—

२५ जून

आवस. अंगाला हळद लावली. नारळ फोडला. आज मी काहीच बोलले नाही, तर सगळे खूश. सविता शांत झाली म्हणाले. दिपाली शहाणी झाली म्हणाले. कल्याणने बांगड्या आणल्या.

बरं वाटलं. ह्येच वाईट हाय— बरं वाटलं.

काहीतरी लिहायचं हुतं. शॅरनला सांगायचं हुतं. काय ते—

२९ जून

फडताळात चष्मा सापडला. कुनाचा हाय म्हनून इचारलं. डोळ्याला लावला तर भोवळ आली. परत ठिवला.

तारीक म्हाईत न्हाई

हिरीवर बसले. गार हाय. चिंचोके खेळते. कुनी बगत न्हाई.

घराकडं गाडी आली. एक बाई उतरली. लांबून त्वांड दिसंना. हाका मारती. दिपाली. ए दिपाली. मी शॅरन, म्हनती.

आत्या सांगत्यात, हिथं अशी कुनी न्हाई.

न्हाई कशी. हुती एक. लई हसायची. मास्तरीन हुती. शाळंत जायचं म्हनायची. कुठं गेली कोन जाने.

बया थांबंना. उसाच्या कडंनं हिकडंच याया लागली. रडती वाटतं. उन्हात. कुनासाठी एवढं कोन रडतं? दिपालीचं नशीब चांगलं म्हनायचं.

तिला सांगाया पायजे. बाई, घरी जा, ऊन लई हाय, दिपाली न्हाई हिथं—

उठते. वही देवळीत ठिवते. पायरी वली हाय, पाय जरा—